एक टोपी, एक घड्याळ, दीड शिलिंग

टोपी एक. घड्याळ एक. साधारण दीड शिलिंगाची चिल्लर. होकायंत्र एक. दोन छोट्या डब्या, प्रत्येकीत मोजमापाचं एकेक यंत्र. त्याशिवाय आणखी यंत्रं, ज्यांची नावं लिहिणाऱ्याला येत नव्हती, म्हणून त्याने फक्त नग मोजले आणि पुढे गेला.

ही यादी १८७३ सालच्या मे महिन्यात, आज ज्याला झांबिया म्हणतात त्या देशातल्या एका खेड्यात केली गेली. गावाच्या प्रमुखाचं नाव चितांबो. ज्याच्या सामानाची यादी, तो माणूस नुकताच मेला होता. नाव डेव्हिड लिव्हिंग्स्टन. शाळेच्या भूगोलात झांबेझी नदी आणि व्हिक्टोरिया धबधब्याच्या शेजारी आपण हे नाव पाठ केलेलं असतं. त्याच्याच छोट्या वहीत, शेवटच्या कोऱ्या पानांवर, त्याच्याच सामानाची नोंद झाली. नोंद करणाऱ्या तरुणाचं नाव जेकब वेनराइट. आणि हा जेकब शिकला होता आपल्या नाशकात.

यंदा इंग्रजी साहित्याच्या वर्गात प्रवासवर्णनं अभ्यासाला आहेत, त्या निमित्ताने मी लिव्हिंग्स्टन वाचला. पण नाशिकचं नाव आलं आणि माझं लक्ष डॉक्टरवरून उडून त्याच्या पेट्या वाहणाऱ्यांवर गेलं. म्हणून हे चरित्र सरळ जन्म-शिक्षण-कार्य-निधन असं न सांगता त्याच्या सामानाच्या मागोमाग सांगते. आणखी एक. मराठीत असं काही लिहायला बसलं की गोरा डॉक्टर आपोआप 'ते' होतो आणि काळा नोकर 'तो'. मला ते नको वाटतं. आपण तुकोबाला, ज्ञानोबाला प्रेमाने एकेरीतच हाक मारतो की. तेव्हा इथे सगळेच 'तो'.

डेव्हिडचा जन्म १९ मार्च १८१३चा, स्कॉटलंडमधल्या ब्लँटायर गावातला. कापडगिरणीच्या कामगारांची चाळ होती, शटल रो नावाची. त्यातली एकच खोली आणि अख्खं कुटुंब. गिरणगावच्या चाळीची कल्पना आपल्याला आहे, तेव्हा जास्त वर्णनाची गरज नाही. दहाव्या वर्षी पोरगा गिरणीत लागला. तुटलेले धागे जोडायचं काम, सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत. पहिल्या आठवड्याच्या पगारातले थोडे पैसे काढून त्याने लॅटिन व्याकरणाचं पुस्तक घेतलं. त्याच्या स्वतःच्या कमाईची ही पहिली वस्तू. पुस्तक यंत्रावर उघडं ठेवायचं आणि येता-जाता एकेक वाक्य उचलायचं, अशी त्याची रीत. आठला गिरणी सुटली की रात्रशाळा, आणि घरी आल्यावर आई पुस्तक हिसकावून घेईपर्यंत वाचन.

पुढे ग्लासगोला तो वैद्यक शिकला. जायचं होतं चीनला, पण १८३९ साली अफूचं युद्ध पेटलं आणि ती वाट बंद झाली. (ती अफू आपल्या देशातून जात होती हे जाता जाता सांगून ठेवते. माळव्यातली अफू मुंबई बंदरातूनच चढायची.) मग आफ्रिकेत काम करणारा रॉबर्ट मोफॅट त्याला भेटला आणि दिशा बदलली. १८४०च्या शेवटी लंडन मिशनरी सोसायटीचा मिशनरी म्हणून तो निघाला. १८४५ साली मोफॅटच्याच मुलीशी, मेरीशी, त्याचं लग्न झालं.

लग्नाआधीच्या वर्षी माबोत्सा इथे सिंहाने त्याचा डावा दंड चावून हाडाचा चुरा केला होता. हाड नीट सांधलंच नाही. तो हात पुढे जन्मभर खांद्याच्या वर जाईना. हे हाड लक्षात असू द्या, शेवटी लागणार आहे.

मिशनरी म्हणून त्याचा हिशेब मांडला तर फार गंमतशीर निघतो. सेचेले नावाच्या एका प्रमुखाचा त्याने बाप्तिस्मा केला आणि तोही थोड्याच काळात जुन्या वाटेला गेला म्हणून डॉक्टरने त्याला मंडळीबाहेर ठेवलं. एवढंच. बसून मंडळी वाढवण्याचा त्याचा पिंडच नव्हता. त्याला पुढचं क्षितिज बघायचं असायचं. बायको-मुलांना घेऊन त्याने कालाहारीचं वाळवंट ओलांडलं, त्यात मुलांचे पाण्यावाचून हाल झाले. १८५० साली एक तान्ही मुलगी गेली. १८५२ साली त्याने सगळ्यांना इंग्लंडच्या बोटीत बसवलं आणि स्वतः परत आत गेला. त्याच वर्षी बोअर लोकांनी कोलोबेंगचं त्याचं घर फोडून पुस्तकं फाडली, औषधांच्या बाटल्या फोडल्या. त्यानंतर त्याला पक्कं घर असं राहिलंच नाही. राहिल्या त्या पेट्या.

१८५३च्या नोव्हेंबरात सत्तावीस आफ्रिकन माणसं बरोबर घेऊन तो पश्चिम किनाऱ्याकडे निघाला तेव्हा सामान किती होतं हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. पत्र्याच्या चार पेट्या. एकीत कपडे आणि बूट, पण ते वाटेत घालायला नाहीत, शहरात पोचल्यावर चारचौघांत जायला. दुसरीत औषधं. तिसरीत पुस्तकं: बायबल, लॉगॅरिदमचे तक्ते आणि तारे बघून जागा काढायचं पंचांग. चौथीत जादूचा कंदील, म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर पाडायचं यंत्र. शिवाय एक छोटा तंबू, पांघरायला मेंढीचं कातडं, थोडा चहा-साखर, वीसेक पौंड कॉफी आणि वाटेत द्यायला मणी. बस्स.

तो जादूचा कंदील मला फार आवडतो. बायबलमधली चित्रं तो गावोगाव दाखवायचा. एका प्रमुखाच्या दरबारात अब्राहाम इसहाकावर सुरा उगारतो ते चित्र लागलं, आणि काच सरकवताना तो सुरा नेमका बसलेल्या बायकांच्या दिशेने निघाला. बायका किंचाळत पळाल्या, पाठोपाठ त्यांच्या पोरीबाळी, आणि परत बसायला कोणी तयार होईना. इतक्या वर्षांच्या प्रवचनांपेक्षा ह्या एका चित्राने लोक जास्त हलले असतील.

पुढचं सगळं पुस्तकांत मिळतं, म्हणून भराभर. १८५४ साली लुआंडा गाठलं. तिथून मागे वळून १८५५च्या नोव्हेंबरात मोसी-ओआ-तुन्या हा धबधबा पाहिला आणि त्याला आपल्या राणीचं नाव देऊन टाकलं, जसं काही त्या धबधब्याला आधी नावच नव्हतं. १८५६ साली पूर्व किनारा. मायदेशी परतल्यावर मोठा सत्कार, पुस्तक तुफान खपलं, मिशनचा राजीनामा. मग १८५८ ते १८६४ सरकारी खर्चाने झांबेझीची मोहीम. ही पार फसली. नदी बोटीला वर जाऊ देईना, माणसं तापाने मरायला लागली, सोबतचे गोरे त्याच्या स्वभावाला कंटाळले. मेरी त्याला भेटायला आली आणि १८६२च्या एप्रिलात शुपांगाला तापाने गेली. एका बाओबाबच्या झाडाखाली तिला पुरलं. थोरला मुलगा रॉबर्ट दुसऱ्याच नावाने अमेरिकेच्या यादवी युद्धात भरती झाला आणि १८६४ साली शत्रूच्या कैदेत मेला. बापाला जगभर लोक ओळखत होते आणि मुलगा स्वतःचं नाव लपवून मेला, ही गोष्ट चरित्रकार एका ओळीत उरकतात. मी पण एका ओळीतच उरकली, पण ती मला टोचते.

आता मुंबई. मोहीम संपल्यावर त्याच्याकडे उरली होती एक छोटी आगबोट, लेडी न्यासा. तिच्यावर त्याने पुस्तकाच्या कमाईतले सहा हजार पौंड घातले होते. ती गुलामांच्या व्यापाऱ्यांना विकायची नाही म्हणून तो ती स्वतः हाकत झांजिबारहून मुंबईला घेऊन आला. खोल समुद्रासाठी न बांधलेली बोट, अडीच हजार मैल, आणि पावसाळा तोंडावर. जून १८६४ला मुंबई बंदरात शिरला तेव्हा एवढ्याशा बोटीकडे कोणाचं लक्षही गेलं नाही. बोटीवर दोन मुलं होती, चुमा आणि विकातानी. दोघांनाही काही वर्षांपूर्वी गुलामांच्या तांड्यातून सोडवलेलं. त्यांना त्याने मुंबईत डॉ. जॉन विल्सनच्या हवाली केलं. हो, तेच विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज आज चौपाटीसमोर आहे. शुपांगाचा सुसी मुंबईच्या गोदीत कामाला लागला. पुढच्या वर्षी परत येऊन डॉक्टरने बोट विकली, तेवीसशे पौंडांना. ते पैसे मुंबईतल्या बँकेत ठेवले. तो काळ कापसाच्या तेजीचा आणि शेअरच्या वेडाचा. तेजी फुटली, बँक बुडाली, पैसे गेले. मुंबईत त्या वर्षी जे हजारोंचं झालं तेच त्याचंही झालं.

आणि नाशिक. अरबी समुद्रात इंग्रजांच्या गस्ती जहाजांनी गुलामांनी भरलेली गलबतं पकडली की त्यातली मुलं मुंबईत उतरवली जायची. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर वसवलं होतं. तिथे ह्या आफ्रिकन मुलांसाठी आश्रम आणि शाळा होती. अक्षरओळख, बायबल, सुतारकाम, लोहारकाम. नावं ठेवली जायची बहुतेक इंग्रजी. नाशिकला माझी मावशी राहते, तिच्याकडे जाताना शरणपूर रोड लागतोच. दुकानं, क्लासेस, वाहनांची गर्दी. एके काळी इथे पूर्व आफ्रिकेतली मुलं रंधा मारायला शिकत होती हे त्या रस्त्यावर उभं राहून डोळ्यांसमोर आणायला बराच जोर लावावा लागतो.

१८६६च्या जानेवारीत लिव्हिंग्स्टन मुंबईहून शेवटच्या प्रवासाला निघाला तेव्हा ह्या शाळेतले नऊ तरुण त्याच्याबरोबर होते. शिवाय चुमा, सुसी, विकातानी, मुंबईच्या मरीन पलटणीतले काही शिपाई, आणि म्हशी, उंट, खेचरं. जनावरांचे शिपायांनी इतके हाल केले की डॉक्टरने वैतागून शिपायांना परत पाठवलं. शोधायचा होता नाईलचा उगम. तो त्याला सापडला नाही. ज्या नदीच्या काठाकाठाने तो वर्षानुवर्षं फिरला, ती निघाली कांगो.

सामान कसं कमी कमी होत गेलं ते मात्र नीट सांगायला हवं. २० जानेवारी १८६७. नाशिकच्या मुलांतला बराका औषधांची पेटी वाहायचा आणि तिला फार जपायचा. त्या दिवशी वाटेत जोडलेल्या दोन माणसांपैकी एकाने त्याच्याशी ओझ्यांची अदलाबदल केली, जरा वेळ मी घेतो म्हणाला, आणि मग दोघेही जंगलात पसार झाले. त्यांना हवं होतं पेटीबरोबरचं कापड. औषधं त्यांच्या काय कामाची? पण कोयनेल गेलं आणि डॉक्टरला त्याच दिवशी कळलं की आपल्याला मरणाची शिक्षा झाली. त्याच महिन्यात त्याचा लाडका कुत्रा चिताने दलदल पोहताना बुडाला. मग कागद संपला. मग शाई संपली. १८७१ साली न्यांग्वेच्या बाजारात गुलामांच्या व्यापाऱ्यांनी भर दिवसा शेकडो बायाबापड्यांवर गोळ्या झाडल्या, तो प्रकार त्याने डोळ्यांनी पाहिला. आणि ज्यांच्या जिवावर, ज्यांच्या तांड्यांबरोबर तो तोवर फिरत होता ते हेच व्यापारी. ती हकिगत त्याने जुन्या वर्तमानपत्रांच्या छापील ओळींवर आडवी लिहिली, रानफळांच्या रसाने. तो रंग पुढे इतका उडाला की सुमारे एकशे चाळीस वर्षं ती पानं कोणाला धड वाचता येत नव्हती. अलीकडे, २०१० नंतर, वेगवेगळ्या प्रकाशात फोटो काढून ती वाचली गेली.

उजिजीला परत आला तर तिथे ठेवलेला त्याचा माल राखणाऱ्याने विकून खाल्लेला. अंगावर काही नाही, पोटात काही नाही. तेवढ्यात अमेरिकन वार्ताहर स्टॅन्ली येऊन पोचला. ह्या भेटीतलं ते एक वाक्य सगळ्या जगाला पाठ आहे म्हणून ते देत नाही. स्टॅन्लीने आपल्या डायरीतली नेमकी तीच पानं फाडून टाकली आहेत, त्यामुळे ते तो खरंच बोलला का याचीही शंका घेतात. भेटीच्या वेळी डॉक्टरच्या डोक्यावर निळी, सोनेरी पट्टीची टोपी होती, सरकारी वकिलाच्या हुद्द्याची. राज्य नाही, पगार नाही, दात बरेचसे पडलेले, पण टोपी मात्र होती. स्टॅन्लीबरोबर तो परत गेला नाही. स्टॅन्लीने किनाऱ्यावरून सत्तावन्न माणसं पाठवली. त्यांच्यात नाशिकची दुसरी तुकडी होती, आणि त्या तुकडीत जेकब वेनराइट.

१८७३च्या एप्रिलात बांग्वेउलू सरोवराच्या दलदलीत पाऊस थांबायला तयार नव्हता. आतड्यांतून रक्त जात होतं. चालवेना म्हणून माणसांनी त्याला झोळीत घातलं. चितांबोच्या गावाशी झोपडी बांधली. ३० एप्रिलला त्याने सुसीला घड्याळ आणायला सांगितलं. ते हातात धरायची ताकद नव्हती. मग सुसीने तळहात कसा धरायचा ते त्याने समजावलं, सुसीच्या तळहातावर घड्याळ ठेवलं आणि हळूहळू किल्ली फिरवली. उद्या घड्याळ चालू राहिलं पाहिजे, कारण वेळ बरोबर नसली तर नकाशावरची जागा चुकते. रात्री त्याने विचारलं, लुआपुला नदी किती दिवसांवर? तीन, असं सुसीने सांगितलं. मग औषधांची डबी मागितली, मेणबत्ती जवळ धरायला लावून एक बाटली कशीबशी निवडली. पहाटे चारच्या सुमाराला झोपडीत झोपणारा पोरगा मज्वारा सुसीला उठवायला आला. मेणबत्ती आपल्याच मेणाने पेटीच्या झाकणाला चिकटून जळत होती. डॉक्टर खाटेच्या कडेला गुडघ्यांवर होता, डोकं हातांत, हात उशीवर. अंग गार पडलेलं.

साठेक माणसं, परका मुलुख, मेलेला मालक. इथे कोणीही पेट्या फोडून पळालं असतं तर त्यांना कोण शोधायला येणार होतं? सुसी आणि चुमाने सगळ्यांना बोलावलं. सगळ्यांसमोर पेट्या उघडल्या, म्हणजे पुढे कोणी कोणावर आळ घेऊ नये. ज्याला लिहिता येतं त्याला बसवलं. अशी ती यादी झाली. वकिलाला लाजवील असा पंचनामा. जेकबचं इंग्रजी अडखळतं आहे, व्याकरण इकडे तिकडे आहे, पण नग बरोबर आहेत. इंग्रजीच्या पेपरला घाम फुटणाऱ्या आपल्यातल्या प्रत्येकाने ती नोंद एकदा पाहावी.

मग ठरलं की डॉक्टरला त्याच्या लोकांकडे पोचवायचं. फारिजाला पूर्वी झांजिबारच्या एका डॉक्टरकडे नोकर होता, त्याने शवविच्छेदन पाहिलेलं होतं. त्याने आणि नाशिकच्याच करासने छाती-पोट उघडलं. काळीज आणि आतडी पिठाच्या पत्र्याच्या डब्यात घालून झाडाखाली पुरली. जेकबने प्रार्थनापुस्तकातून दफनविधी वाचला. एकही पाद्री तिथे नव्हता, तो मान त्या पोराचा. त्यानेच झाडावर नाव आणि तारीख कोरली. देहाला मीठ लावून, उन्हात चौदा दिवस सुकवून, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळून, वरून शिडाचं कापड शिवून डांबर फासलं. निघताना त्यांनी चितांबोला दोन वस्तू दिल्या: बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आणि काही वर्तमानपत्रं. उद्या कोणी गोरा प्रवासी आला आणि विचारलं, तर दाखवायला पुरावा. बिस्किटाच्या डब्याला इतकं वजन दुसऱ्या कुठल्या चरित्रात मिळालं असेल असं वाटत नाही.

किनारा हजार मैलांहून जास्त लांब. ताप, लढाया, वाटेत साप चावून मेलेली एक लहान मुलगी. उन्यान्येंबेला इंग्रज अधिकारी कॅमेरॉन भेटला. तो म्हणाला, कशाला पुढे नेता, इथेच पुरा. ते ऐकेनात. मग कॅमेरॉनने पेट्या तपासल्या आणि स्वतःच्या प्रवासासाठी त्यातली बहुतेक यंत्रं काढून घेतली. म्हणजे बघा, उपाशी हमालांनी महिनोन् महिने ज्याला हात लावला नाही ते एका साहेबाने पाच मिनिटांत उचललं. पुढे एका मुलखात मढं न्यायला लोक हरकत घेणार असं कळल्यावर त्यांनी देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधला आणि काठ्यांचं एक खोटं मढं करून ते पुरायला म्हणून मागे रवाना केलं. फेब्रुवारी १८७४ला बागामोयो आलं. देह, पेट्या आणि डायऱ्या इंग्रजांच्या ताब्यात गेल्या, आणि बहुतेकांना पगार देऊन तिथल्या तिथे वाटेला लावलं.

बोटीवर देहासोबत गेला तो एकटा जेकब. त्याचा खर्च मिशनने केला. इंग्लंडमध्ये पेटी उघडली तेव्हा चेहऱ्यावरून ओळख पटण्यासारखी नव्हती. डाव्या दंडाचं ते न सांधलेलं हाड बघून डॉक्टरांनी सांगितलं, हाच. १८ एप्रिल १८७४ला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, जेकब शवपेटीच्या मानकऱ्यांत चालला. सुसी आणि चुमाला एका मित्राने नंतर स्वखर्चाने नेलं, पण ते पोचेपर्यंत अंत्यविधी उरकला होता. तिथे बसून त्यांनी संपादक हॉरेस वॉलरला डायऱ्यांचा अर्थ लावून दिला, शेवटच्या झोपडीची छोटी प्रतिकृतीही करून दाखवली. डॉक्टरच्या मृत्यूनंतरच्या पंधरवड्यात काय काय घडलं ते जगाला कळलं ते ह्या दोघांच्या तोंडून.

आम्हा कॅथलिकांना अवशेषांची सवय असते. २०२४च्या डिसेंबरात घरचे सगळे चोर्ल्याच्या घाटाने जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला गेलो, तास न् तास रांगेत उभे राहिलो. लिव्हिंग्स्टन पक्का स्कॉटिश प्रोटेस्टंट, त्याला हे असलं काही चाललं नसतं. पण त्याच्या लोकांनी शेवटी केलं तेच! कोरलेलं नाव असलेला झाडाचा बुंधा कापून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत नेला. टोपी तिथेच आहे. ब्लँटायरची ती एक खोली १९२९पासून संग्रहालय आहे. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही, माणसाला हातात धरायला काहीतरी लागतंच. फक्त टोपीकडे बघताना ती इतक्या दूर कोणाच्या डोक्यावरून आली हे विसरून चालणार नाही. त्याच टोपीच्या आणि नकाशांच्या मागोमाग पुढे बंदुका आणि कंपन्या आत शिरल्या, स्टॅन्ली तर बेल्जियमच्या राजासाठी कांगो बळकवायला गेला. ह्यात डॉक्टरचा वाटा किती, यावर आमच्या वर्गात भांडण झालं आणि तासाची घंटा झाली तरी संपलं नाही. माझं मत विचाराल तर, वाट दाखवणाऱ्याला वाटेची जबाबदारी पूर्ण झटकता येत नाही. पण न्यांग्वेची हकिगत छापून आली म्हणून इंग्लंडमध्ये ओरड झाली, मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर झांजिबारला गेला, आणि ५ जून १८७३ला तिथला गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार झाला. डॉक्टरचं सुकवलेलं शरीर तेव्हा वाटेत कुठेतरी खांद्यांवर होतं. फ्रिअरच्या नावाने मोंबासाजवळ वसाहत झाली आणि शरणपूरची आफ्रिकन मंडळी तिकडे गेली. तिथे त्यांना लोक 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत.

सुसी १८९१ला गेला, चुमा त्याच्या नऊ वर्षं आधी. नाशिकच्याच मॅथ्यू वेलिंग्टनला मोंबासात १९३५पर्यंत आयुष्य मिळालं. जिऑग्राफिकल सोसायटीने साठ जणांसाठी पदकं पाडली, पण माणसं तोवर आपापल्या गावी पांगली होती, त्यामुळे बरीच पदकं ज्यांची त्यांना मिळालीच नाहीत. जेकब आफ्रिकेत परतला, मिशनच्या नोकऱ्या केल्या आणि १८९२ साली आजच्या टांझानियातल्या उरांबोला वारला. त्याच्या पेटीची यादी कोणी केली नाही. मात्र देह वाहून नेताना त्याने स्वतःची एक डायरी लिहिली होती. ती १८७४ साली छापली गेली, पण जर्मन भाषांतरात. त्याच्या हस्ताक्षरातली मूळ इंग्रजी वही ब्लँटायरच्या संग्रहालयात आहे. २०१९पासून तिची पानं इंटरनेटवर कोणालाही बघता येतात. अक्षर सुवाच्य आहे, शाळेत घोटून घेतलेलं असतं तसं.